हृदयाचं हार्मोन भरपूर, तरी रक्तवाहिनी अरुंद का?

बारा_डबा
प्रश्न जरा किचकट आहे, पण इथे डॉक्टर, लॅबवाले, औषधवाले सगळेच पडीक असतात म्हणून टाकतोय.

वडिलांच्या रक्ततपासणीत एनटी-प्रोबीएनपीचा आकडा चांगलाच वर गेलेला आला. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला की हृदय स्वतःच हे सोडतं. तोवर हृदय म्हणजे पंप, विषय संपला, एवढीच आपली अक्कल. मग रात्री वाचत बसलो. त्यात कळलं की हृदयाची ही हार्मोन्स मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतात, रक्तदाब उतरवतात आणि वर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींची वाढही रोखतात. या पेशी फोफावल्या की भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद.

आता मला सांगा, बाबांच्या रक्तात हे इतकं वाढलंय, तर त्यांच्या वाहिन्या मोकळ्या असायला हव्यात ना? अँजिओग्राफीत तर एक चांगलीच अरुंद निघाली. उपचार चालू आहेत, त्याबद्दल सल्ला नको. फक्त समजून घ्यायचंय.

गिरगावचा_मोरू
हृदयाचं हार्मोन लग्नाआधी वाढतं आणि नंतर आपोआप नॉर्मलला येतं, असा स्वानुभव आहे. (ह. घ्या.)

कोकम_सरबत
मोरू, वहिनींना लिंक पाठवू का धाग्याची?

बारा_डबा, वाचतेय. आमच्या सासूबाईंचाही हा आकडा दर काही महिन्यांनी काढतात. कमी आला की घरात शिरा होतो, वाढला की सगळे गप्प. तो नक्की कशाचा आकडा, हे मात्र कुणी विचारलेलं नाही.

स्टेथो_परळ
मग तिथूनच सुरू करू. रिपोर्टमध्ये दिसतो तो एनटी-प्रोबीएनपी म्हणजे हार्मोन नव्हेच. हृदयाच्या पेशी आधी एक लांब साखळी बनवतात आणि तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी, खरं काम करणारा. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, ज्याचं शरीरात ठाऊक असलेलं काही काम नाही. तरी मोजतात तोच, कारण तो रक्तात जास्त टिकतो. बीएनपी साधारण २० मिनिटांत निम्मं होतं, याला दोनेक तास लागतात.

धाप लागलेला पेशंट इमर्जन्सीत आला आणि हा आकडा ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असला, तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फारच कमी. वर असला तर मात्र वय, किडनी, ठोक्यांची अनियमितता हे सगळं बघूनच बोलायचं. लठ्ठ माणसांत तो उलट कमी येतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर शिरा करायचा की नाही हे ठरवू नका.

हृदय हार्मोन बनवतं हे कळायलाही बराच काळ गेला. १९५६ मध्ये ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात, बारीक दाणे दिसले. असे दाणे हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथींमध्ये असतात. ते हृदयात कशाला, याचा उलगडा १९८१ मध्ये झाला. कॅनडात किंग्स्टनला अडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांत लघवी दहापट आणि तिच्यातलं सोडियम तीसपटीहून अधिक वाढलं. तेच एएनपी. बीएनपी १९८८ मध्ये आणि त्याच कुटुंबातलं तिसरं, सीएनपी, १९९० मध्ये जपानी गटाने शोधलं, दोन्ही डुकराच्या मेंदूतून. बीएनपीच्या नावातला 'बी' मेंदूचाच आहे, बनतं मात्र मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत.

मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, पण आत्ता ओपीडी आहे.

आजीचा_बटवा
एवढं खोलात कशाला जायचं? अर्जुनाची साल दुधात उकळून घ्या. हृदय, रक्तवाहिन्या सगळ्याला उत्तम. ही हार्मोन्सही त्यानेच संतुलित राहतात.

खडूस_काका
पहिली दोन वाक्यं परंपरा म्हणून चालवून घेतो. तिसरं कुठून आणलंत?

स्टेथो_परळ
अर्जुनावर लहान चाचण्या झाल्या आहेत, त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटने डॉक्टरांना न सांगता काहीही सुरू करू नये. डझनभर गोळ्या चालू असतात, त्यात कोणाचं कोणाशी पटत नाही हे बघावं लागतं.

शिवाजीपार्क_पहाटे
अवांतर. मी रोज पहाटे पार्काजवळच्या तलावात पोहतो. पाण्यात उतरलं की थोड्या वेळाने लघवीला जावंसं वाटतंच. त्यामागे हेच हार्मोन आहे का?

स्टेथो_परळ
बऱ्याच अंशी हो. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं, पोटातलं रक्त छातीकडे सरकतं. अलिंद ताणले जातात. त्यांना वाटतं रक्त फार झालंय, मग एएनपी सुटतं. मेंदूकडून येणारं, पाणी धरून ठेवणारं हार्मोनही त्याच वेळी कमी होतं.

गिरगावचा_मोरू
म्हणजे तलावात क्लोरीन कशासाठी टाकतात ते विज्ञानाने सिद्ध झालं.

शिवाजीपार्क_पहाटे
मोरूशेठ, तुम्ही कोणत्या बॅचला येता ते सांगा. वेळ बदलून घेतो.

कोकम_सरबत
आमच्याकडे 'हे' रात्रभर घोरतात आणि तीनदा उठतात. दर वेळी प्रोस्टेटला नावं ठेवतात. त्याचाही हृदयाशी संबंध असू शकतो?

स्टेथो_परळ
असू शकतो. घोरताना घसा बंद होऊन श्वास अडतो, तरी छाती जोर लावत राहते. छातीतला दाब खाली जातो, अलिंद ताणले जातात, एएनपी सुटतं, लघवी होते. स्लीप अॅप्नियाच्या पेशंटमध्ये हे बरेचदा दिसतं, आणि मशीन लावलं की रात्रीचं उठणं अनेकदा कमी होतं. झोपेची तपासणी करून घ्या. प्रोस्टेट निर्दोष सुटेलच असं मात्र नाही.

पेट्रीडिश
उशिरा आले, पण हा माझा जुना प्रांत. लग्नाआधी एका प्रयोगशाळेत उंदराच्या महाधमनीतल्या याच स्नायुपेशी वाढवायचे. लांबेल, चहा घेऊन बसा.

धडधाकट वाहिनीत या पेशी अगदी संथ असतात. आकुंचन पावायचं, सैल व्हायचं, एवढंच काम. विभाजन जवळपास शून्य. वाहिनीला इजा झाली, किंवा आपण पेशी बाहेर काढून बशीत सीरम (रक्तातला पातळ भाग) घालून ठेवल्या, की त्यांचा स्वभाव पालटतो. आकुंचनाची प्रथिनं कमी होतात, पेशी विभागू लागतात, सरकू लागतात आणि आजूबाजूला कोलॅजन सोडतात. बशी भरत आली की सूक्ष्मदर्शकाखाली उंच-सखल पट्टे दिसतात, त्यावरून ओळखायचं की आपल्याच पेशी आहेत, दुसऱ्या शिरल्या नाहीत.

त्यांना वाढायला सांगणारे बरेच आहेत. रसेल रॉस यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवलं की प्लेटलेट्समधून सुटणारा एक घटक या पेशींना विभागायला लावतो. तोच पुढे पीडीजीएफ म्हणून ओळखला गेला. शिवाय वाहिन्या आवळणारी हार्मोन्स: अँजिओटेन्सिन-२ आहे, एंडोथेलिन आहे. वाढीचेही दोन प्रकार: पेशींची संख्या वाढणं आणि आहे तीच पेशी फुगणं. अँजिओटेन्सिनने बशीत बहुतेक वेळा पेशी फुगते, पीडीजीएफने संख्या वाढते.

१९८९-९० च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की एएनपी हे दोन्ही कमी करतं. किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) पेशींनी किती उचललं यावरून नवीन डीएनए किती बनला हे मोजायचं. एएनपी घातलं की आकडा खाली. कारण असं: पेशीच्या पृष्ठभागावर या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो आणि त्याचा आतला भाग म्हणजे एक एन्झाइमच. हार्मोन बाहेरून चिकटलं की आत सीजीएमपी नावाचा रेणू बनतो. तो पुढे एका कायनेजला (निरोप पुढे नेणाऱ्या एन्झाइमला) जागं करतो आणि वाढीचा निरोप केंद्रकापर्यंत नेणाऱ्या साखळीला आवर बसतो. पेशी डीएनए दुप्पट करायच्या आधीच्या टप्प्यावर अडून राहते.

आता बारा_डबांच्या कामाचं. हा रिसेप्टर दोन जातींचा. 'ए' जात एएनपी आणि बीएनपीला दाद देते, 'बी' जात सीएनपीला. संथ, आकुंचन पावणाऱ्या पेशीवर 'ए' जास्त असतो. तीच पेशी विभागायला लागली की 'ए' घटतो आणि 'बी' वाढतो. म्हणजे पेशी बिघडली की हृदयाच्या हार्मोनला तितकीशी दाद देत नाही, सीएनपीला देते. आणि सीएनपी येतं कुठून? हृदयातून फारसं नाही. वाहिनीच्या आतल्या अस्तरातून, अगदी शेजारून. म्हातारपण, मधुमेह, तंबाखू यांनी बिघडतं ते नेमकं हे अस्तर. हृदयाने कितीही बीएनपी ओतलं तरी शेजारी सीएनपी कमी पडलं तर काय उपयोग?

उंदराच्या मानेतल्या धमनीला फुग्याने इजा करून मग सीएनपी दिलं, तर आतला जाड थर कमी होतो, हेही १९९० च्या दशकात दाखवलं गेलंय.

खडूस_काका
बशीत किती हार्मोन घालत होतात?

पेट्रीडिश
नॅनोमोलपासून मायक्रोमोलपर्यंत.

खडूस_काका
आणि माणसाच्या रक्तात?

पेट्रीडिश
पिकोमोलमध्ये. कळलं काका, कुठे चाललात ते.

खडूस_काका
कळलं असेल तर बाकीच्यांसाठी लिहितो. बशीत माणसाच्या रक्तापेक्षा शेकडो-हजारो पट जास्त हार्मोन ओतायचं, पेशी वाढल्या नाहीत की 'वाढ रोखते' असं लिहायचं. त्या मात्रेला इतरही पुष्कळ गोष्टी रोखतील. मी आयुष्यभर फार्मा कंपनीत क्वालिटीला होतो. बशीत चाललेलं आणि माणसात आपटलेलं किती पाहिलंय त्याची मोजदाद नाही.

पेट्रीडिश
रास्त आहे. पण फक्त बशीवर भिस्त नाही ना. ज्या उंदरांमध्ये 'ए' रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलं, त्यांचा रक्तदाब वाढला आणि हृदय मोठं, जाड झालं. तिथे कोणी बाहेरून काही ओतलं नव्हतं.

तुमच्या बाजूचंही एक सांगते, म्हणजे पक्षपात नको. हाच रिसेप्टर फक्त वाहिन्यांच्या स्नायुपेशींतून काढला तर उंदरांचा नेहमीचा रक्तदाब वाढत नाही. आतल्या अस्तरातून काढला तर वाढतो. म्हणजे रक्तदाबाच्या बाबतीत तरी स्नायुपेशींपेक्षा अस्तराचं पारडं जड दिसतं. मला ते वाचून तेव्हा बराच राग आला होता, कारण आमचं सगळं काम स्नायुपेशींवर होतं.

स्टेथो_परळ
माणसातलं उदाहरण काकांना आवडेल. बीएनपीच औषध म्हणून शिरेतून द्यायचं, असं नेसिरिटाइड अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. २०११ मध्ये ७,००० हून जास्त पेशंटांवरची चाचणी आली. मृत्यू कमी झाले नाहीत, धापेत फरक किरकोळ आणि रक्तदाब जास्त उतरण्याचं प्रमाण मात्र वाढलं. औषध मागे पडलं.

खडूस_काका
आवडलं.

लालबागचा_शेफ
मध्येच एक प्रश्न. माझ्या भावाच्या स्टेंटवर औषध असतं म्हणाले, ते याच पेशींसाठी का?

पेट्रीडिश
याच पेशींसाठी. साधा स्टेंट टाकला की वाहिनीला आतून इजा होते, स्नायुपेशी आत सरकतात, वाढतात आणि काही जणांत काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद. म्हणून स्टेंटला सिरोलिमस किंवा त्याच्या भावंडांचा लेप देतात, त्याने पेशी विभागायच्या थांबतात. सिरोलिमसची गोष्ट भारी आहे. ते ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं आणि त्यावर चिकाटीने काम केलं ते आपल्या सुरेन सहगल यांनी, मॉन्ट्रियलमध्ये. माणसात असा पहिला स्टेंट १९९९ मध्ये ब्राझीलला साओ पाउलोत बसला.

लालबागचा_शेफ
भावाच्या वेळी बिलातला स्टेंटचा आकडा बघून मलाच अॅडमिट करायची वेळ आली होती. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. नंतर किमती उतरल्या ना?

स्टेथो_परळ
फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत बांधली. औषधाचा लेप असलेल्याला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०, कर वेगळा. त्याआधी लेपवाल्याचे लाखाच्या वर घेतले जायचे.

पेट्रीडिश यांच्या लिखाणाला एक पुरवणी. धमनीतल्या चरबीच्या थरात स्नायुपेशी म्हणजे खलनायक असं समजू नका. त्याच त्या थरावर मजबूत टोपी घालतात. टोपी पातळ झाली, फाटली, तर गुठळी होऊन अॅटॅक येतो. त्यामुळे 'वाढ रोखली म्हणजे चांगलंच' हे स्टेंटच्या बाबतीत पटतं, जुन्या थराच्या बाबतीत नाही.

पेट्रीडिश
इथे थोडं वेगळं मत. सीजीएमपी पेशीला नुसतं थांबवत नाही, आकुंचनाच्या मूळ स्वभावाकडे परत वळवायलाही मदत करतं. थोपवणं वेगळं आणि मारणं वेगळं. टोपीतल्या पेशी संथ राहिल्या तर बिघडत नाही, मेल्या तर बिघडतं.

स्टेथो_परळ
बशीत मान्य. पेशंटमध्ये यातलं काय चाललंय हे मला स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही.

बारा_डबा
बापरे, दोन दिवस कामात होतो, इथे धागा कुठच्या कुठे गेला. माहिती मस्त, पण डॉक्टरसाहेब, उत्तर देतो म्हणून ओपीडीला गेलात ते अजून माझी वाहिनी अरुंदच आहे.

स्टेथो_परळ
देतो.

पहिलं म्हणजे क्रम. धमनी अरुंद व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्या काळात वडिलांचं बीएनपी बहुधा नॉर्मलच असणार. ते वाढलं हृदय थकल्यावर, म्हणजे अगदी अलीकडे. आज आलेलं हार्मोन जुना थर खरवडून काढत नाही. आणि त्या थरात चरबी, सूज, कॅल्शियम असं पुष्कळ काही असतं, स्नायुपेशी हा एक भाग.

दुसरं, जास्त पावसात हिंदमाताला पंप रात्रंदिवस चालू असतात आणि तरी पाणी साचलेलं असतं. पंप चालू दिसले म्हणजे रस्ता कोरडा असणार, असं कुणी मुंबईकर म्हणणार नाही. वडिलांचा वाढलेला आकडा तसा वाचा. तो ताण किती आहे ते सांगतो, ताण गेला असं सांगत नाही.

तिसरं, समोरची फळी दांडगी असते. हार्ट फेल्युअरमध्ये अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, अॅड्रिनॅलिन हे सगळे एकाच वेळी वर असतात आणि सगळे पाणी धरा, वाहिन्या आवळा, पेशी वाढवा असंच सांगतात. त्यात बीएनपीचा बराचसा माल अर्धवट कापलेला, कमी ताकदीचा असतो, आणि जे चांगलं असतं त्याला शरीराचा प्रतिसादही हळूहळू मंदावतो. पेट्रीडिश यांनी सांगितलेली रिसेप्टरची अदलाबदल त्यात धरा.

बारा_डबा
हे आत्ता डोक्यात शिरलं. मग बाहेरून ओतून उपयोग नाही, तर शरीर स्वतः बनवतं ते टिकवता येत नाही का?

स्टेथो_परळ
येतं. ही हार्मोन्स तोडणारं नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम आहे. सॅक्युबिट्रिल त्याला अडवतं. पण तेच एन्झाइम अँजिओटेन्सिनही तोडतं, त्यामुळे एकटं दिलं तर दोन्ही वाढतात. म्हणून जोडीला अँजिओटेन्सिनची वाट अडवणारं व्हॅलसार्टन. २०१४ मध्ये ८,४०० वर पेशंटांची चाचणी आली, तुलना एनालाप्रिल या जुन्या औषधाशी. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती व्हावं लागणं, हे जुन्या औषधावर २६.५ टक्क्यांत घडलं, नव्यावर २१.८ टक्क्यांत. खडूस काका, हे बशीतलं नाही.

खडूस_काका
वाचलीय ती चाचणी. चांगली आहे. पण त्यात वाहिन्यांच्या पेशींची वाढ कुणी मोजली नव्हती. फायदा त्यामुळेच झाला असं म्हणू नका, एवढंच.

स्टेथो_परळ
म्हणत नाही.

बारा_डबा
बाबांच्या नव्या चिठ्ठीत हीच जोडगोळी आहे. आणि आधीची रामिप्रिल बंद करून दीड दिवस थांबा, मग ही सुरू करा असं लिहिलंय. मला वाटलं दुकानात स्टॉक नसेल म्हणून.

स्टेथो_परळ
नाही, ते मुद्दाम असतं. ३६ तास. दोन्ही औषधं ब्रॅडिकायनिन (वाहिन्या सैल करणारा, सूज आणणारा रेणू) तोडायचं थांबवतात. एकत्र झाली तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडू शकतो. काटेकोर पाळा, आणि घरात उरलेली रामिप्रिलची स्ट्रिप सरळ बाजूला काढा, नाहीतर सवयीने घेतली जाते.

दुसरं, या औषधावर असताना बीएनपी मोजू नका. ते तोडलं जात नसल्याने आकडा वाढलेला येऊ शकतो आणि घरात उगाच घबराट. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिनने तुटत नाही, तोच चालू ठेवा. शक्यतो त्याच लॅबमधून.

कोकम_सरबत
आणि पापड-लोणचं? औषधाने मीठ बाहेर जातंय तर थोडं चालेल, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

स्टेथो_परळ
नाही चालणार. सासूबाईंना माझं नाव सांगा.

गिरगावचा_मोरू
कोणतं, स्टेथो_परळ? आधार कार्डावर तसंच आहे का?

बारा_डबा
पेट्रीडिश ताई, शेवटचा एक. सगळा मदार शेजारच्या सीएनपीवर असेल तर तेच रक्तात मोजून का बघत नाहीत?

पेट्रीडिश
मोजता येतं, पण रक्तात ते अगदी कमी असतं. बनतं तिथेच वापरलं जातं आणि लगेच मोडतं, त्यामुळे हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तावरून हृदयाच्या धमनीत काय चाललंय हे सांगता येत नाही. औषध म्हणून सीएनपीचं सोनं झालं ते वेगळ्याच ठिकाणी. त्याचा 'बी' रिसेप्टर हाडांच्या वाढीच्या कूर्चेतही असतो. तिथे मात्र सीएनपी वाढ रोखत नाही, वाढवतं. सीएनपीसारखंच बनवलेलं व्होसोरिटाइड २०२१ पासून अॅकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुलांना, म्हणजे ज्यांची उंची जनुकातल्या बदलामुळे खुंटते त्यांना, देतात. रोज एक इंजेक्शन. त्यावर लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल, रविवारी बघते.